बडोद्याची पुस्तकांची पेटी

बडोद्याला जाणारे आपले बहुतेक बांधव सयाजीबागेतील संकल्पभूमीवर नतमस्तक होतात आणि परतीची गाडी धरतात. पूर्वी आम्हीही तसेच केले होते. या खेपेस मात्र आमच्या मंडळातील उपासक-उपासिका मुलाबाळांसह मांडवी भागातील मध्यवर्ती ग्रंथालयही पाहून आलो.

आत शिरताच मुले खाली न बघता वर बघू लागली. लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना जाड काचेची जमीन! वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोहोचावा आणि आगीचे भय कमी राहावे, म्हणून ही रचना. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर शिकलेले विसरायला किती दिवस लागतात? म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले आणि स्वतःच्या संग्रहातील हजारो ग्रंथ लोकांसाठी दिले. स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळे विभाग झाले. ग्रंथपाल तयार करण्याचे वर्गही निघाले.

खरी करामत मात्र शहराबाहेर होती. गावाने वाचनालयासाठी वर्गणी काढली की तेवढीच रक्कम पंचायत देई आणि तेवढीच सरकार. जिथे वाचनालय नाही तिथे पंधरा ते तीस पुस्तकांची लाकडी पेटी जाई. जाण्यायेण्याचे भाडे सरकार भरी. निरक्षरांना पडद्यावर चित्रे दाखवून माहिती दिली जाई.

हे ऐकताना आमच्या मनात एक प्रश्न सलत होता. ज्या गावात पाणवठा आपल्याला बंद, त्या गावातली पेटी आपल्या माणसासमोर कितीदा उघडली असेल?

कारण याच शहरात १९१७ साली काय घडले, ते आपण जाणतो. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले बाबासाहेब सप्टेंबरात येथे नोकरीसाठी आले. परदेशात पोटाला चिमटा घेऊन जमवलेली त्यांची पुस्तके बोटीबरोबर समुद्रात बुडाली होती. त्या नुकसानभरपाईच्या पैशातूनच बडोद्याचा प्रवासखर्च भागला. कचेरीत शिपाई लांबूनच त्यांच्या टेबलावर फायली टाकीत. आमचे सारे आयुष्य फायलींत गेले, म्हणून हे आम्हांला विशेष बोचते. राहायला पारशी धर्मशाळा मिळाली, तिथूनही अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकलले. ग्रंथालयांनी गजबजलेल्या संस्थानात एवढ्या विद्वानाला एक खोली मिळाली नाही!

महाराजांची दृष्टी थोर होती, यात शंका नाही. १८८३ च्या सुमारासच त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. पण राजाचा हुकूम कचेरीपर्यंत पोहोचतो, शेजाऱ्याच्या मनापर्यंत पोहोचतोच असे नाही. ते काम आपल्यालाच करायचे असते. बाबासाहेबांनी पुस्तके बुडाली म्हणून वाचन सोडले नाही. पुढे मुंबईत राजगृह बांधले, तेही ग्रंथांसाठी.

आणि आपण? आपल्या विहारात मूर्ती आहे, पंचशील ध्वज आहे, जयंतीला रोषणाई आहे. पुस्तकांचे कपाट किती विहारांत आहे? असलेच तर त्याची किल्ली कोणाकडे असते?

परतीच्या गाडीत आम्ही ठरवले. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून पंचवीस पुस्तकांची एक पेटी करायची. बाबासाहेबांचे विचार, मुलांच्या गोष्टी, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, आरोग्याची माहिती. महिनाभर आमच्या विहारात, नंतर शेजारच्या वस्तीत. नोंदवही दहावीतली एक मुलगी सांभाळणार आहे. गाडीतच तिने वहीला रेघा मारल्या.

बंधुभगिनींनो, बडोद्याला जाल तेव्हा बाग पाहा आणि ग्रंथालयही पाहा. घरी परतल्यावर एक पेटी अवश्य करा. जय भीम!