वाफसा आणि वेळापत्रक

माझे थोरले बंधू पुण्यास एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस आहेत. एका उन्हाळ्यात ते परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी आले असता त्यांच्या संगणकावर मी एक फळा पाहिला. त्यावर ‘करावयाचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे तीन रकाने होते. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असे व तीवर करणाराचे नाव आणि तारीख लिहिलेली असे. काम जसजसे पुढे जाई, तसतशी चिठ्ठी उजवीकडे सरके. अशा फळ्यास ‘कानबान’ हे जपानी नाव असून टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यातून ही रीत जगभर पसरली, असे दादांनी सांगितले.

मला मोठा हुरूप आला. आम्ही खरिपाची सारी कामे फळ्यावर मांडली: वखरणी, बियाणे आणणे, उगवणशक्ती तपासणे आणि १० जून रोजी सोयाबीनची पेरणी. मृग लागला व ८ जूनच्या रात्री एक सर पडली. वडील माती उकरून पाहून म्हणाले, “ओल खोल गेली नाही. चांगला पाऊस होऊन वाफसा येऊ दे.” पण मी फळ्यावरील तारीख दाखवून हट्ट धरला. अखेर त्यांनी दोन एकर पेरले. मी मोठ्या दिमाखाने चिठ्ठी ‘झाले’ या रकान्यात सरकविली.

त्यानंतर पंधरा दिवस पाऊस नाही. उगवलेले कोंब करपले. दुबार पेरणीच्या बियाण्यात आईने दिवाळीसाठी राखलेले पैसे गेले. वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. हेच मला अधिक लागले.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, असे परभणीचे कृषी विद्यापीठ सांगत आले आहे. दादा म्हणाले, “दोष फळ्याचा नव्हे. कोणते काम कोणत्या कामासाठी थांबले आहे, हे आमच्या चिठ्ठीवर आधी लिहावे लागते. आपण नुसती तारीख लिहिली.”

विद्यार्थिमित्रहो, आपल्या अभ्यासाच्या वेळापत्रकाचेही असेच नाही काय? मागील धडा समजल्यावाचून पुढल्या धड्यापुढे ‘झाले’ लिहिण्यात काय अर्थ?

पुढील वर्षी पेरणीच्या चिठ्ठीवर मी तारीख घातली नाही. ‘पुरेसा पाऊस, वाफसा व वडिलांचा होकार’ एवढेच लिहिले. मृग कोरडा गेला. आर्द्रांत पाऊस लागला. एके सकाळी वडील शेतातून आले, हाताची माती धोतरास पुसली आणि म्हणाले, “सरकव आता तुझी चिठ्ठी.”