दुसऱ्याच्या चार सऱ्या

ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३. पाणी उतरलं तेव्हा नदीकाठच्या आमच्या रानात बांधही दिसेना आणि हद्दीचे दगडही. गाळ सुकल्यावर शेजारच्या चुलतभावानं ऊस लावला, तो आमच्यात चार सऱ्या सरकून. साडेचार फुटी सरी, लांबी अडीचशे फूट. म्हणजे चार गुंठे गेले.

त्याला विचारलं, तर म्हणाला, "पुराला विचार."

पुढं मिसळीच्या गाड्यावर चारचौघांनी विषय काढला. मी पाव मोडत म्हणालो, "जाऊ दे. केलं माफ. घरातलाच हाय." "गुरुजी, मन मोठं हाय तुमचं," कुणीतरी म्हणालं. मिसळीचे पैसेही त्या बोलणाऱ्यानंच दिले. आठवडाभर मी ताठ मानेनं हिंडलो.

रान कसत होतो मी, पण सातबाऱ्यावर तो तुकडा धाकट्या बहिणीच्या नावावर होता. ती गडहिंग्लजला दिलेली. दोन गळीत हंगाम तिला उसाचं बिल कमी गेलं, तेव्हा तिनं फोन केला. मी सगळं सांगितलं, जरा कौतुकाच्या अपेक्षेनंच. ती म्हणाली, "दादा, सरी माझी गेली. माफ करणारा तू कोण?"

मी गप्प झालो. तीस वर्षं वर्गात वेदोक्ताचं प्रकरण शिकवलं होतं. शाहू महाराज आमच्या कसबा बावड्यातच जन्मले, लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भटजीनं त्यांना क्षत्रिय न मानता वेदोक्त मंत्र नाकारले, आणि पुढं राजघराण्याचे पुरोहित राजोपाध्ये यांनीही. महाराजांनी वाट पाहिली, आणि राजोपाध्ये बधेनात तेव्हा १९०२ साली वतन काढून घेतलं. अपमान एकट्याचा असता तर कदाचित सोडलाही असता; पण त्यात साऱ्या बहुजनांचा हक्क अडकला होता. हे मी पोरांना घोकून सांगायचो, आणि स्वतः एका मिसळीत बहिणीचं रान सोडून आलो. खरं सांगायचं तर भावाशी भांडायची भीती वाटत होती. त्या भीतीला मी क्षमा असं नाव दिलं, एवढंच.

मग मोजणी आणली. दगड जागेवर आले. चुलतभाऊ बोलायचा बंद झाला; चूक त्यानं आजही कबूल केलेली नाही.

मी गडहिंग्लजला जाऊन बहिणीची माफी मागितली. तिनं चहा केला, एसटीपर्यंत सोडायला आली. माफ केलं असं काही म्हणाली नाही.