टायरची जन्मपत्रिका

ज्याला वाचण्याबद्दल पगार मिळतो त्याने घरातले सगळेच वाचले पाहिजे, अशी आमच्या घराण्यात एक समजूत आहे. विम्याचे कागद, विजेचे बिल, सातबाराचा उतारा, औषधाच्या बाटलीबरोबर येणारी ती मुंगीच्या पायांनी लिहिलेली चिठ्ठी, काहीही आले की ते माझ्यापुढे सरकवले जाते. मी मराठीचा प्राध्यापक आहे, विम्याचा नव्हे, हे सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. तेव्हा यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला वहिनींनी फोन करून "भावोजी, गाडीचे टायर बघायला या," असे म्हटले, त्या वेळी मला नवल वाटले ते एवढेच, की टायरवरही वाचण्यासारखे काही असते.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. २०१८ साली दादाने बीएमडब्ल्यू घेतली. मी स्कूटरवाला माणूस. त्या गाडीत बसताना चपला बाहेर काढाव्यात की काय, असा मला नेहमी प्रश्न पडे. दादा गेला त्याला आता तीन वर्षे झाली. "गाडी विकून टाका, उभ्या गाडीची माती होते," असे येणारा-जाणारा प्रत्येक जण वहिनींना सांगून गेला. वहिनींनी कोणाशी वाद घातला नाही आणि गाडीही विकली नाही. सोसायटीतला एक ड्रायव्हर महिन्यातून एकदा येई, नाशिकच्या रस्त्यांवरून तिला फिरवून आणी आणि पुन्हा कापडाखाली झाकून ठेवी. आता पुतणीला नागपुरात नोकरी लागली. "बाबांची गाडी मी नेते," ती म्हणाली. सिन्नरच्या बाजूने समृद्धी महामार्गावर चढायचे आणि थेट नागपूर गाठायचे. महिन्यातून एकदा आईकडे यायचे, तेही बहुधा काम आटोपून, संध्याकाळी निघून, एकटीनेच.

टायर तर पाहताक्षणी आवडावेत असे. काळेभोर, गुबगुबीत. ड्रायव्हरने एकावर लाथ मारून (टायरची परीक्षा लाथेनेच घ्यायची असते, असा या लोकांचा सिद्धान्त आहे) ग्वाही दिली, "साहेब, चौदा हजार किलोमीटर झालेत फक्त. अजून चाळीस हजार डोळे मिटून जातील." खाचांची खोली मोजली तर सहा मिलिमीटरच्या वर भरली. कायदा १.६ मिलिमीटरवर समाधान मानतो. समृद्धीवर २०२३ साली घासलेल्या टायरांच्या गाड्या अडवण्याची मोहीम परिवहन खात्याने सुरू केली होती. तिथे आमचे टायर पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले असते.

पण मला लाथ मारायला नव्हे, वाचायला बोलावले होते. श्रवणबेळगोळच्या नि अक्षीच्या शिलालेखांवर मी वर्षानुवर्षे तास घेतले आहेत. टायरच्या कडेवरचा लेख त्यांच्याइतकाच आटोपशीर आहे आणि तितकाच दुर्लक्षित. आमच्या टायरवर होते : २२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंचीचा, पण मिलिमीटरमध्ये नव्हे. रुंदीच्या शेकडा पन्नास. सतरा हा चाकाचा व्यास, आणि तो मात्र इंचांत! एकाच ओळीत मेट्रिक, शेकडेवारी आणि इंच गुण्यागोविंदाने नांदतात. आमच्या भाषेला धेडगुजरी म्हणणाऱ्यांनी एकदा टायर वाचावा. मधला 'आर' म्हणजे त्रिज्या असे बहुतेकांना वाटते. तो रेडियलचा आहे. फ्रान्समधल्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, ती ही. ९४ म्हणजे एका टायरने ६७० किलो भार सोसावा, आणि 'डब्ल्यू' म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग.

समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. मग २७० च्या अक्षराचे पैसे कशाला मोजायचे? हा प्रश्न मला फार सुज्ञपणाचा वाटला होता. उत्तर असे की, वेगाचे अक्षर हे खरे तर उष्णता सोसण्याचेही अक्षर आहे, आणि गाडी बनवणाऱ्याने जे सांगितले त्याच्या खाली उतरू नये. या अक्षरांच्या क्रमात एक गंमत आहे. 'एस', 'टी', 'यू' अशी शहाण्यासारखी चाललेली रांग 'यू'नंतर एकाएकी 'एच' ला मध्ये घेते आणि मग 'व्ही'कडे जाते. वर्ग भरल्यावर मागच्या दाराने येऊन मधल्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतोच.

खरे वाचन पुढेच होते. टायरवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. ते बहुधा एकाच कडेला असतात, आणि ती कड गाडीच्या आतल्या बाजूला बसवलेली असली, की वाचकाला आडवे व्हावे लागते. मी आडवा झालो. सोसायटीतली चार मुले जमली. मोबाइलच्या उजेडात आकडे दिसले : ३६१७. सन २०१७ चा छत्तिसावा आठवडा. पंचांग काढून पाहिले, तर त्याच आठवड्यात ५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. म्हणजे इकडे आपण गणपती बोळवीत होतो, तेव्हा हे टायर जगाच्या पाठीवर कुठल्यातरी कारखान्यात साच्यातून गरमागरम बाहेर पडत होते. गाडी २०१८ ची. टायर तिच्याहूनही थोरले.

रबर चालण्याने झिजते हे सर्वांना ठाऊक असते. बसून राहण्यानेही ते म्हातारे होते, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. हवेतला प्राणवायू, ओझोन, ऊन ही मंडळी त्याला आतून-बाहेरून कडक करीत असतात. त्यांना अडवण्यासाठी रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि टायर फिरत, दबत, लवत राहिला की ती अंगभर पसरतात. उभ्या टायरला हे अभ्यंगस्नान घडत नाही. कापडाखाली जपून ठेवलेल्या आमच्या टायरांच्या कडेवर, बोटाने जरा दाबले की केसासारख्या बारीक भेगा उमलत होत्या. पुष्कळ मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला असे सांगतात. टायरवाल्यांतले काही फार झाले तर दहापर्यंत जातात. आणि आम्हांला तर मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, काँक्रीटवरून, तासन् तास एका वेगाने जायचे होते. एवढ्या मोठ्या गाडीचा जमिनीशी संबंध केवळ चार तळहातांएवढ्या जागेत येतो. मी वहिनींना म्हणालो, "चारही बदलायचे."

"नवे दिसतात हो पण," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "ह्यांनी घातलेलेच घ्या मग. तसलेच."

'तसलेच' या शब्दात सगळा घोटाळा होता. दादाच्या गाडीचे टायर रनफ्लॅट जातीचे. यांच्या कडा इतक्या जाडजूड असतात, की हवा पूर्ण गेली तरी गाडी त्यांच्यावर उभी राहते आणि ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाऊ शकते. म्हणून या गाडीत स्टेपनी नाहीच. दुकानात गेल्यावर कळले, की एकाच गुणाला प्रत्येक कंपनीने आपापले नाव ठेवले आहे : ब्रिजस्टोनचे 'आरएफटी', काँटिनेंटलचे 'एसएसआर', मिशेलिनचे 'झेडपी'. आता महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला 'झेडपी' म्हटले की जिल्हा परिषदच आठवणार. हवा गेली तरी चालत राहणारी संस्था, असा अर्थ मी मनातल्या मनात लावला आणि गप्प बसलो. वहिनींचे वडील झेडपीतूनच निवृत्त झाले.

दुकानदार भला होता, पण त्याचा कौल साध्या टायरांना. त्याचे मुद्दे खोटे नव्हते. साधा टायर मऊ, खड्ड्यात पोटातले पाणी हलू देत नाही. रनफ्लॅट ताठ, दणका सरळ पाठीच्या कण्यात. खड्ड्याच्या धारेवर आपटला की त्याच्या कडेला फुगा येतो. हवा गेल्यावर त्यावर गाडी चालवली असेल, तर पुष्कळदा दुरुस्तीच्या भानगडीत न पडता तो टाकूनच द्यावा लागतो. आणि किंमत! चार रनफ्लॅटांच्या पैशांत माझ्या स्कूटरसारखी नवी स्कूटर आली असती. "साधे चार घ्या, डिकीत एक स्टेपनी टाकून देतो, पैसे वाचतील," तो म्हणाला. गाडी नाशिकमध्येच फिरणार असती, तर मी त्याला तिथेच होकार दिला असता. आमच्या गावच्या पावसाळ्यातल्या रस्त्यांना रनफ्लॅट दाखवणे म्हणजे काचेचे भांडे धोबिघाटावर नेणे आहे.

वहिनी पर्समधून बिलाचा कागद काढून पुन्हा आत ठेवीत होत्या. दादाच्या मागे त्या पैशांचा हिशेब एकट्याच करतात. मी पुतणीला फोन लावला आणि दोन्ही बाजू, वर्गात सांगतो तशा, सविस्तर सांगितल्या. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, रात्री अकरा वाजता, वाशिमच्या अलीकडे कुठंतरी, मी एकटी जॅक लावत बसलेली तुम्हांला चालेल का?"

आम्ही रनफ्लॅट घेतले. रनफ्लॅट म्हणजे अमरपट्टा नव्हे, हे मी तिला पुन्हा पुन्हा बजावले. हवा कमी राहिली तर त्याच्याही कडा दबून-दबून तापणारच. आमचा ड्रायव्हर तर छातीठोकपणे सांगतो, की उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून मुळातच थोडी कमी भरावी. हे नेमके उलटे आहे. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक लवतो आणि अधिक तापतो. टायर फुटतात ते बहुधा या दयाबुद्धीने. दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला आकडा, टायर थंड असताना, बस्स. दुकानात नायट्रोजन भरण्याचाही आग्रह झाला. आपल्या साध्या हवेत शेकडा अठ्ठ्याहत्तर नायट्रोजनच असतो, तोही फुकट, असे मी म्हणालो, तेव्हा दुकानदार मोकळेपणाने हसला. नव्या टायरांचे चार आकडेही मी वाचले. पहिल्यांदा जी जोडी आली ती दोन वर्षांपूर्वीची निघाली. ती परत पाठवून चार महिन्यांची मागवली. त्यासाठी दोन दिवस थांबावे लागले.

जुन्या टायरांचा प्रश्न निघाला तो पैसे देताना. "हे मी ठेवून घेतो," दुकानदार म्हणाला, "ताई, चारांचे मिळून चांगले पैसे कमी करतो. खाचा भरपूर आहेत. गिऱ्हाईक लगेच मिळेल." त्याने सांगितलेली रक्कम हलकी नव्हती. मी वहिनींकडे पाहिले. दादाने घातलेले ते टायर भिंतीशी एकावर एक रचून ठेवले होते, अजूनही काळेभोर.

"कोण घेईल हो हे?" वहिनींनी विचारले.

"कोणीही. सेकंडहँड गाडी घेतलेली पोरंबिरं."

"मग नको," वहिनी म्हणाल्या. "कापून टाका. माझ्यासमोर कापा."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. त्याने आतून एका मुलाला हाक मारली. मुलगा सुरा घेऊन आला आणि पहिल्या टायरच्या कडेवर त्याने तो टेकवला. हवेशिवाय उभी राहणारी कड ती. सहजासहजी कापली जाईना. वहिनींनी स्टूल ओढून घेतले आणि त्या बसल्या. चौथा टायर होईपर्यंत मुलाचा सदरा घामाने चिंब झाला होता. वहिनींनी पैसे मोजून दिले आणि मुलाला चहासाठी वेगळे दिले.