लेन्कोबुवांची लय

आमचा रेकॉर्ड प्लेअर लेन्को एल ७५, म्हणजेच लेन्कोबुवा, मूळचे स्वित्झर्लंडचे, बुर्गडॉर्फ गावचे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातले. स्विस म्हटल्यावर काटेकोरपणाची अपेक्षा ठेवावी, तर बुवांकडे तो औषधापुरताच. वेग ठरवणाऱ्या दांडीला मिनिटाला ३३⅓, ४५, ७८ फेऱ्यांच्या जागांवर खाचा आहेत. पण ती खाचांच्या मध्येही कुठेही थांबते आणि बुवा त्या वेगाने फिरू लागतात. लय तुम्ही सांगायची, ती धरायचं काम त्यांचं.

पोटात एक आडवी मोटर, तिचा दांडा एका टोकाला जाड, दुसरीकडे बारीक होत गेलेला. त्यावर एक पातळ रबरी चाक उभं टेकतं आणि वरच्या सुमारे चार किलोच्या थाळीला खालून फिरवतं. दांडीबरोबर हे चाक जाड टोकाकडे सरकलं की लय वाढते. एवढंच शास्त्र. सगळा डोलारा रबराच्या एका कडेवर आहे, आणि पन्नास वर्षांनी रबर कडक होणारच.

आजारी बुवांना ऐकावं लागतं. सुरुवातीला मंद आणि पंधरा मिनिटांनी ठीक, तर मोटरच्या बुशांतलं तेल घट्ट झालेलं असतं. जुनं पुसून पातळ तेलाचे थेंब द्यायचे. सूर भरभर थरथरला, तर चाकावर चपटा डाग पडला असावा. सूर मध्येच ढेपाळला, तर चाक घसरतंय: स्पिरिटने दांडा आणि थाळीची खालची बाजू पुसायची, रबराची चकाकी बारीक पॉलिशपेपरने हलकेच उतरवायची. चाकाची स्प्रिंग ताणून घसरण थांबवणारे हुशार लोक भेटतात; बदल्यात त्यांना घरघर मिळते. रबराला तेल लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आणि ३३⅓वर सूर दर १.८ सेकंदांनी हेलकावत असेल, तर आधी रेकॉर्ड तपासा. तो एका फेऱ्याचा काळ आहे. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असलं, तरी तानपुऱ्याचा षड्ज डोलतो आणि बोल मात्र बुवांना लागतो.

परीक्षेसाठी पट्ट्यांची चकती मिळते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्याखाली १८० पट्टे स्थिर दिसले की ३३⅓ बरोबर. एलईडीखाली ते बहुधा दिसतच नाहीत. ७८साठी ७७ पट्टे असतात आणि ते ७७.९२ फेऱ्यांना स्थिर होतात. म्हणजे परीक्षकही थोडा सैलच.

बुवांची खरी मैफल ७८च्या जुन्या तबकड्यांवर रंगते. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रण नेमकं ७८वरच होई असं नाही. तबकडी मुळात ७४च्या आसपास कापलेली असली आणि आपण ती ७८वर लावली, तर पांढरी दोनमध्ये गायलेला गवई काळी दोनमध्ये जातो, आवाज बारीक होतो, तान पळू लागते. खाचांवरच थांबणारं यंत्र इथे हात टेकतं. बुवांची दांडी मात्र सरकवता येते, पेटीचा सूर धरून, गळा माणसाचा वाटेपर्यंत. माझ्याकडच्या एका तबकडीचा गवई मला काळी एकचा वाटतो. शेजारचे पेटीवाले पांढरी दोनवर अडून बसलेत. दांडी सध्या अधेमधे आहे.