बडनेऱ्याहून लोहाऱ्याच्या टेकडीकडे

बडनेरा म्हणजे अमरावतीचा फाटा जेथे फुटतो ते स्टेशन, एवढीच आमच्या गावाची ओळख पुष्कळांस असते. गाडी येथे थांबते, चहा घेतला जातो, आणि प्रवासी पुढे निघून जातात. येथे राहणाऱ्यांस भूमीविषयी एकच गोष्ट पक्की ठाऊक असते. विहीर खणू लागले की प्रथम काळी माती, मग मुरूम आणि मग काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर साचून हा पाषाण झाला. ह्या काळ्या मातीने आम्हांस कापूस दिला. कोळसा व लोखंड ह्यांची मात्र तिने कधी आशा दाखविली नाही.

तरी लोखंडाच्या एका मोठ्या शोधाची वाट आमच्या स्टेशनावरूनच गेली आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. कापूस जवळ मिळतो म्हणून जमशेटजी टाटा यांनी नागपुरास गिरणी काढली व १ जानेवारी १८७७ रोजी ती एम्प्रेस मिल ह्या नावाने सुरू झाली. पुढे १८८२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या हाती एक अहवाल पडला. तो रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडासंबंधी लिहिलेला होता. लोहारा गावाजवळ उत्तम लोहपाषाण आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तेथून फार दूर नाही, असा त्याचा आशय. गिरणीवाल्या गृहस्थाच्या मनात लोखंडाने घर केले ते तेव्हापासून.

ती टेकडी एकदा पाहावी असे आमच्या मनात बरेच दिवस होते. गेल्या मार्गशीर्षात नातवाला कॉलेजची सुटी होती. त्याने भूगर्भशास्त्र हा विषय घेतला असल्याने, "आजोबा, मी येतो," असे तो आपण होऊनच म्हणाला. चांदूर, धामणगाव मागे पडले आणि वर्धा नदीचा पूल आला. वऱ्हाडाची ही जुनी सीमा. वर्ध्यास गाडी बदलून हिंगणघाटावरून वरोऱ्याकडे जाताना चिरंजीव खिडकीतून बोट दाखवून सांगू लागले, की आता काळ्या पाषाणाचे पांघरूण विरत जाते व त्याखालचे फार जुने थर उघडे पडू लागतात. कोळसा आहे तो ह्या जुन्या थरांत. खिडकीतून आम्हांस तुरीची शेतेच दिसत होती, पण विद्यार्थ्याचा उत्साह मोडू नये हा आमचा जुना नियम आहे.

वरोऱ्यास सरकारी कोळशाची खाण होती, ती १९०६ साली बंद झाली. आज वरोरा म्हटले की लोकांस बाबा आमटे यांचे आनंदवन आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु जमशेटजींचा पहिला बेत फसला तो ह्याच गावच्या कोळशावर. त्यांनी कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले, आणि उत्तर आले की हा कामाचा नाही.

कोळसा तर जळतो, मग कामाचा का नाही? लोखंडाच्या उंच भट्टीत लोहपाषाण, चुनखडी व कोक ह्यांचे थर रचतात. कोळसा हवाबंद जागेत भाजला असता प्रथम मऊ होऊन फुगतो, एकजीव होतो, आणि शेवटी सच्छिद्र पण टणक असा खडा उरतो, तोच कोक. तो उष्णता देतो, पाषाणातील प्राणवायू काढून घेतो, शिवाय वरचे सारे ओझे पेलून वारा खेळता ठेवतो. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशास ही चिकटण्याची शक्ती नाही. आमच्या घरातील मंडळींस चटकन समजावयाचे तर, ज्वारीच्या पिठाची विरी गेली म्हणजे भाकरी थापतानाच चिरते, तसा हा प्रकार. पीठ ज्वारीचेच असते, पण भाकरी होत नाही. ह्यात भर म्हणून खाणीच्या परवान्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या. जमशेटजींनी बेत बाजूस ठेवला, मनातून काढला नाही.

१८९९ साली, लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत, नियम सैल झाले. जमशेटजींनी लोहाऱ्याचा विषय पुन्हा हाती घेतला. १९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले व चार्ल्स पेज पेरिन यांना त्यांनी ह्या कामात ओढले. पेरिन यांनी आपले सहकारी सी. एम. वेल्ड यांस इकडे पाठविले. वेल्ड, जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि आप्त शापुरजी सकलातवाला हे तिघे चांद्याच्या रानात हिंडले. ते वाघांचे रान होते, आजही आहे.

चंद्रपुरास एक सूचना वाचकांनी ध्यानात ठेवावी. मुख्य स्टेशन निराळे व गोंदियाकडील गाडीचे चांदाफोर्ट स्टेशन निराळे. आमची ह्या दोहोंमध्ये चांगलीच धावपळ झाली. मूल मागे टाकून सिंदेवाहीस उतरलो आणि तेथून पुढे वाहनाने गेलो.

टेकडी पाहून प्रथम निराशाच होते. जुन्या वर्णनांत ती सुमारे तीन फर्लांग लांब, दोनशे यार्ड रुंद व एकशेवीस फूट उंच दिलेली आहे. म्हणजे एखाद्या गढीहून थोडी मोठी एवढेच. पण पायाखालचा दगड उचलताच हात खाली जातो. नातवाने खिशातून लोहचुंबक काढला. काही खडे निमूट पडून राहिले, काही टणकन उडी मारून चिकटले. संस्कृतात चुंबकास अयस्कान्त, म्हणजे लोखंडाचा वल्लभ, असे नाव आहे. ते आम्ही तीस वर्षे वर्गात शिकविले, पण दगडाची ही ओढ आमच्या हातास प्रथमच जाणवली.

आणि गावाचे नाव तरी काय, लोहारा! श्वार्ट्झसाहेबांच्या पुष्कळ आधी ह्या भागातील लोक लाकडी कोळसा व भाता घेऊन मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळीत होते. विलायती लोखंड स्वस्त झाले, रानातील लाकूड सरकारी झाले, आणि त्या भट्ट्या विझल्या. पुस्तकांत शोध लावणाऱ्यांची नावे असतात, त्यांत ह्या मंडळींपैकी कोणाचेही नाव नसते. आम्हांस हे खटकते.

वेल्ड यांचा निर्णय लोहाऱ्याच्या विरुद्ध गेला. पाषाण उत्तम, पण मोठ्या कारखान्यास पुरेल इतका नाही, आणि जवळ कोकचा कोळसा नाही. शोध सोडून दिल्याचे कळविण्यास दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकारी जागेवर नव्हते. वेळ घालविण्यासाठी ते समोरच्या पदार्थसंग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात, शिरले. तेथे मध्यप्रांताचा भूस्तरांचा रंगीत नकाशा होता, व त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाचा गडद रंग दिसला. त्या जिल्ह्यातील लोखंडाची पाहणी १८८७ साली प्रमथनाथ बोस ह्या बंगाली भूगर्भवेत्त्याने केली होती. वेल्ड दल्ली-राजहऱ्यास गेले. डोंगरच्या डोंगर लोखंडाचे निघाले. येथेही कोळशाची व पाण्याची अडचण उभी राहिली. पुढे ह्याच बोसांनी २४ फेब्रुवारी १९०४ च्या पत्राने टाटांस मयूरभंज संस्थानातील लोखंडाची वार्ता दिली. तेथून बंगालचा कोकचा कोळसा जवळ होता. जमशेटजी त्याच वर्षीच्या मे महिन्यात वारले. साकची येथे पहिले पोलाद १९१२ साली निघाले. दल्ली-राजहरा पन्नास वर्षे थांबला व भिलाईच्या कामी आला.

चांद्याचे लोखंड मात्र कायमचे निकामी ठरले नाही. बिनकोकाचा कोळसा वापरून पाषाण न वितळविताच त्यातील प्राणवायू काढून टाकण्याची रीत निघाली. त्या लोखंडास स्पंज आयर्न म्हणतात. आज घुग्घूस येथे तसा कारखाना आहे. त्यास पाषाण येतो तो लोहाऱ्याहून नव्हे, गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्याच्या सुरजागड डोंगरावरून. त्या खाणीचा पट्टा २००७ साली दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे सत्तरांहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून काम जोराने चालू आहे. तेथील माडिया लोक त्या डोंगरावर आपल्या ठाकूरदेवाचे स्थान मानतात, आणि खाणीस त्यांचा विरोध झालेला आहे. रोजगाराची गरज आम्ही नाकारीत नाही. पण आमच्या गावच्या मारुतीच्या पाराखाली उद्या चांदी निघाली, तर आम्ही किती शांत राहू, हा प्रश्न नातवाने विचारला, आणि आम्हांस पटकन उत्तर देता आले नाही.

लोहाऱ्याची टेकडी उतरताना एक म्हातारे गृहस्थ भेटले. हातातील दगड पाहून त्यांनी विचारले, "मोजाले आले का जी?" आम्ही म्हटले, नाही, नुसते पाहावयास आलो. "मंग दिवस हाये तोवर सडकेले लागा," ते म्हणाले, "सांजच्याले वाघ फिरते इकडं." नातवाने दगड पिशवीत टाकला व आम्ही झपझप पावले उचलली.