एक बिंदू कमी

बारावीनंतर मला गणितात बीएस्सी करायचं होतं. बाबा म्हणाले, "आधी इंजिनिअर हो, मग काय हवं ते गणित कर." त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, घराचा हप्ता माझ्याच पगारातून जातो. पण तो 'मग' यायला १० वर्षं लागली. आता तो रोज रात्री अकराला येतो, ऑफिसचा लॅपटॉप मिटला की.

सध्या हार्टशॉर्नचं 'अल्जिब्रेइक जॉमेट्री' वाचतोय. दोन महिने एकाच प्रमेयावर अडकलो होतो. प्रमेय झाँ-पिएर सेर यांचं. फील्ड्स मेडल मिळालं तेव्हा ते २७ वर्षांचे होते. मी २८चा आहे आणि त्यांचं १९५७ सालचं काम नुसतं समजून घेताना घाम फुटतोय.

प्रश्न असा. 'स्कीम' ही भूमितीतली जागा तुकडे जोडून बनते. प्रत्येक तुकडा एकेका रिंगमधून, म्हणजे बेरीज-वजाबाकी-गुणाकार चालणाऱ्या संचातून, उभा राहतो. कधीकधी अख्खी जागाच एका रिंगमधून उभी राहते. तिला अफाइन म्हणतात. पण समोर नुसती जोडलेली जागा असेल, तर ती अफाइन आहे हे ओळखायचं कसं?

क्ष आणि य अक्षांचं साधं प्रतल घ्या. त्यातला आरंभबिंदू काढून टाका. उरलेली जागा दोन तुकड्यांची: एकात क्ष शून्य नाही, दुसऱ्यात य शून्य नाही. दोन्ही तुकडे अफाइन. गंमत म्हणजे या भोक पडलेल्या जागेवरची फंक्शन्स तीच, जी पूर्ण प्रतलावर होती: क्ष आणि य यांच्या बहुपदी. एक बिंदू गेलाय हे त्यांना कळतच नाही.

सेर यांचा निकष ते भोक पकडतो. तो विचारतो, दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात, तिथलं प्रत्येक फंक्शन दोघांत वाटून देता येतं का? १/(क्ष·य) घ्या. पहिल्या तुकड्यावर भाजकात य चालत नाही, दुसऱ्यावर क्ष चालत नाही. इथे भाजकात दोन्ही आहेत. वाटणी होत नाही. ही न होणारी वाटणी मोजते ती पहिली कोहोमॉलॉजी. नुसत्या फंक्शन्ससाठी नव्हे, जागेवरच्या प्रत्येक क्वासी-कोहेरंट शीफसाठी ती शून्य असेल, तर आणि तरच नोदेरियन स्कीम अफाइन.

दिवाळीत बाबांनी विचारलं, "रात्री जागून करतोस तरी काय?" वहीत दोन वर्तुळं काढून मी हे सांगितलं, अवघड शब्द गाळून. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या विहिरीसारखं." काकांशी वाटणी झाली तेव्हा शेताचे दोन भाग पडले, विहीर बांधावर, ती कुणा एकाच्या वाट्याला टाकता आली नाही. सातबाऱ्यावर अजून सामाईक आहे.

मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय की काही कमी नाही. पगार, फ्लॅट, आईचा विमा. बघावं तिथे आकडे तेच, जे खरंच काही कमी नसतं तरी आले असते.

बाबा वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "तुला तेव्हा बीएस्सीला जाऊ द्यायला पाहिजे होतं का रे?"

"माहीत नाही, बाबा."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग पेन माझ्या हातात देत म्हणाले, "ते भाजकातलं परत सांग. दुसऱ्या बाजूला का बसत नाही ते नीट कळलं नाही."