मापात भरलेली खडी

1972 च्या दुष्काळात आमच्या माण तालुक्यात खरीप करपला, रब्बीची तर पेरणीच झाली नाही. आधी बैल विकले, मग गाय. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापता थापता तुटायची आणि खाल्ल्यावर पोटात दुखायचं. पुढच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली तशी मीही आईबरोबर सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले.

पुरुष मोठे दगड घणाने फोडत, त्यांची खडी बायका-पोरी हातोडीने करत. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या आणि घाव घालताना मान वळवायची, म्हणजे कपची डोळ्यात जात नाही. दुपारी सुकडी हा पौष्टिक खाऊ वाटला जाई. मजुरी मापावर होती. शंभर घनफूट खडी म्हणजे एक ब्रास. ढीग नीट रचला नाही तर दिवसभराचे कष्ट मापात कमी भरायचे.

आईला अक्षरओळख नव्हती. पण तिच्याजवळ फुटाफुटावर खाचा पाडलेली एक काठी होती. ढीग वर निमुळता होत जातो, त्याचा हिशेब ती असा करायची : "खाली सहा, वर चार, मंजी मधी पाच. ईस फूट लांब आन फूटभर उंच. झाला बरास." समलंब चौकोनाचं सूत्र पुढे वर्गात शिकवलं गेलं, तेव्हा मला ते पाठ करावं लागलं नाही.

एकदा माप घेणाऱ्याने आमचा ढीग कमी लिहिला. आई ढिगाला टेकून बसली. "परत मोजा," एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, हातही जोडले नाहीत. शेजारच्या बायका हातोड्या खाली ठेवून येऊन उभ्या राहिल्या. माप पुन्हा झालं आणि बरोबर लिहिलं गेलं. माणसाने ताठ कसं राहावं, हे मला त्या दिवशी समजलं. मधेच काम बंद पडलं, तेव्हा ह्याच बायका उन्हातून चालत तालुक्याच्या कचेरीवर गेल्या. त्यांना फुकट धान्य नको होतं, काम हवं होतं. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं राबत होती. आमच्यासारखे मोर्चे कितीतरी ठिकाणी निघाले.

हालअपेष्टांनी माणूस घडतो असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. माझा थोरला भाऊ त्याच घरात, त्याच दुष्काळात होता. नववीत त्याची शाळा सुटली आणि तो मुंबईला गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्याच्या मनिऑर्डरीतून यायचे. 1982 च्या गिरणी संपात त्याची गिरणी गेली आणि नंतर त्याला धड काम मिळालं नाही. जिद्द त्याच्यात माझ्यापेक्षा कमी नव्हती. मला घामाचा दाम मिळताना दिसला, पाठीशी उभ्या राहणाऱ्या बायका दिसल्या आणि खर्च उचलणारा भाऊ होता. त्याच्या वाट्याला यातलं थोडंच आलं. कष्टांचं कौतुक करताना हे विसरलं गेलं की मला राग येतो.

त्या बायका जे मागत होत्या, ते मागेल त्याला काम, ही कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी दुष्काळाआधीच मांडली होती. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने तिला बळ मिळालं. 1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यासाठी पैसा उभा करायला नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला होता.

मी गणिताची शिक्षिका झाले. पहिल्या पगारातून हा कर कापला गेला, तेव्हा शिक्षकखोलीत काहींनी कुरकुर केली. मी त्यांना ती रक्कम कुठे जाते ते सांगितलं, खडीचं मापही सांगितलं. माझी आई तेव्हाही उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावर जात होती.